भाडेकरूंची सुरत



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी व्याकरणाचे पहिले धडे घेतले, त्याच शाळेने गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण करावे, हा माझ्या आयुष्यातील मोठा सन्मान आहे. विषय निवडण्याची मोकळीक आपण मला दिलीत. मराठीचा प्राध्यापक म्हणून संतवाङ्मयावर किंवा बखरींवर बोललो असतो, तर ते माझ्या सवयीचे झाले असते. परंतु गुरुजींचे स्मरण करताना माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती वर्गाची खोली नव्हे. १९६१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, वडिलांचे बोट धरून ज्या दहा बाय बाराच्या खोलीत मी प्रथम पाऊल टाकले ती खोली. म्हणून आज मी बोलणार आहे ते सुरतेच्या भाडेकरूंविषयी.

सुरतेचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. बंदराचा, परदेशी कोठ्यांचा, जरीचा, रेशमाचा आणि हिऱ्यांचा इतिहास लिहिला गेला. शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे तर या नगराचे नाव प्रत्येक मराठी मुलाला इयत्ता चौथीपासून ठाऊक असते. मात्र या शहरात पोटासाठी आलेल्या माणसाने पहिल्या रात्री पाठ कोठे टेकली, त्या जागेसाठी त्याने काय मोजले, आणि ती जागा त्याच्याकडे किती दिवस राहिली, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा विचारले जात नाहीत. ते आज विचारावेत असा माझा मानस आहे.

१. घर आणि बिऱ्हाड

आरंभ शब्दांपासून करतो. हा माझा व्यवसायदोष समजा. आपल्या भाषेत 'घर' आणि 'बिऱ्हाड' हे दोन शब्द वेगळे आहेत. 'बिऱ्हाड' या शब्दाचा संबंध कानडी 'बिडार' या शब्दाशी जोडला जातो. त्याचा अर्थ तळ किंवा मुक्काम. घर असते तेथे माणूस राहतो. बिऱ्हाड असते तेथे तो उतरलेला असतो. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण हसत म्हणतो, आणि 'भाड्याचे घर, खाली कर' ही म्हण सुस्कारा टाकून म्हणतो. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतील प्रत्येक खानदेशी माणूस 'आमचे घर गावाला आहे' असे सांगे. त्यांतील कित्येकांचे गावाकडचे घर म्हणजे पडक्या भिंती होत्या, आणि सुरतेत त्यांना वीस-वीस वर्षे झाली होती. तरीही सुरतेतील वास्तव्याला 'घर' म्हणण्याचे धाडस कोणी करीत नसे. भाषा येथे खोटे बोलत नव्हती. ज्या जागेवरून पुढच्या महिन्यात उठावे लागेल की काय याची शाश्वती नाही, तिला बिऱ्हाड म्हणणेच यथार्थ होय.

२. एक नामांकित भाडेकरू

भाड्याने राहणे म्हणजे काही कमीपणा, असा समज आपल्या समाजात आहे. त्याचे निरसन सुरतेच्या इतिहासातच आहे. विल्यम हॉकिन्स याचे 'हेक्टर' जहाज १६०८ मध्ये सुरतेच्या बंदराला लागले. त्यानंतर काही वर्षांत ईस्ट इंडिया कंपनीची वखार येथे स्थिरावली. १६८९ मध्ये आलेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने आपले प्रवासवृत्त १६९६ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्रजांची कोठी शहराच्या वायव्य भागात आहे, ती वास्तू मोगल बादशहाच्या मालकीची आहे आणि तिचे भाडे वर्षाला सुमारे साठ पौंड आहे, असे तो लिहितो. पुढे तो अशीही नोंद करतो, की ही रक्कम बादशहा बहुतांशी त्या वास्तूच्या दुरुस्तीसाठी व शोभेसाठीच खर्चू देतो.

म्हणजे ज्या कंपनीने पुढे अवघ्या हिंदुस्थानावर राज्य केले, ती सुरतेत भाडेकरू होती. आणि तिला लाभलेला घरमालक असा की भाड्याचे पैसे घराच्या डागडुजीत वळते करून देई. या भाडेकरूने पुढे काय केले तेही आपणांस विदित आहे. १७५९ मध्ये त्याने सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला आणि १८०० मध्ये नबाबाकडून नगराचा कारभारच आपल्या हाती घेतला. त्या कथेत आज शिरण्याचे कारण नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की या शहराची जागतिक कीर्ती ज्या व्यापारावर उभी राहिली, तो व्यापार करणारे परदेशी लोक आधी येथे जागा शोधत आले होते. बाहेरून आलेल्याला जागा देणे हा सुरतेचा जुना व्यवहार आहे. फरक पडला तो जागा मागणाऱ्याच्या ऐपतीत.

३. तापीकाठची वाट

खानदेश आणि सुरत यांना तापीने जोडले आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'ताप्ती व्हॅली' रेल्वेने ते नाते पक्के केले. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार येथून गाडीत बसावे आणि उधन्याला किंवा सुरतेला उतरावे, इतके हे शहर आम्हांला जवळ आले. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन सुरत गुजरातेत आणि खानदेश महाराष्ट्रात गेला. पण पोटाची वाट राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही. उलट पुढच्या काळात ती अधिकच रुळली. १९७२ च्या दुष्काळाने कितीतरी कुटुंबे गाव सोडून निघाली. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाने मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, आणि कापडधंद्याची यंत्रमागांकडे आधीच सुरू झालेली वाटचाल वेगाने होऊ लागली. भिवंडी, मालेगावप्रमाणेच सुरतेत यंत्रमागांची, म्हणजे येथील बोलीतील 'संच्यां'ची, खाती गल्लोगल्ली उभी राहिली.

लोकसंख्येचे आकडे पाहावेत. १९६१ मध्ये या शहरात तीन लाखांहून कमी माणसे होती. १९९१ मध्ये ती सुमारे पंधरा लाख झाली आणि २०११ च्या जनगणनेत, वाढलेल्या हद्दीसह, चव्वेचाळीस लाखांच्या पुढे गेली. पन्नास वर्षांत पंधरा पट! कारखानदाराने माग आणला, व्यापाऱ्याने सूत आणले, वीज आली, बाजार उभा राहिला. या सर्व हिशेबात कामगाराच्या निवाऱ्याचा खर्च मात्र कोणीच धरला नव्हता. तो ज्याने त्याने आपापल्या मजुरीतून भागवावा, असे गृहीत धरले गेले.

मुंबईत निदान एकदा तरी शासनाने या प्रश्नाला हात घातला होता. १९२० नंतरच्या दशकात 'बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट'ने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. खोल्या लहान होत्या, सुमारे १६० चौरस फुटांच्या. संडास सामाईक होते. तरीही त्या खोल्यांचे भाडे परवडणारे होते आणि भाडेकरूला उद्याची धास्ती नव्हती. त्या स्थैर्यातून मुंबईच्या कामगारवस्तीत वाचनालये, व्यायामशाळा, भजनी मंडळे, कलापथके उभी राहिली. सुरतेत आलेल्या खानदेशी मजुराच्या वाट्याला असा सरकारी घरमालक आला नाही. त्याला मिळाली ती शेतजमिनीचे तुकडे पाडून उभारलेल्या वसाहतींतील खोली: लिंबायत, उधना, पांडेसरा, नवागाम, डिंडोली.

४. भाडेपावतीची कथा

आता कायद्याकडे वळतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये तो व्यापक स्वरूपात झाला, आणि १९६० नंतर गुजरातेतही तोच मुंबई कायदा चालू राहिला. त्यातील मध्यवर्ती कल्पना 'प्रमाण भाडे' ही होय. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे असेल ते प्रमाण मानावे, नंतर प्रथमच भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे प्रमाण मानावे, त्याहून अधिक घेऊ नये आणि भाडे देणाऱ्याला विनाकारण काढू नये. हेतू निःसंशय उदात्त होता. युद्धकाळातील टंचाईत गरिबाला रस्त्यावर येऊ न देण्याचे काम या कायद्याने केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय दशकानुदशके चालत राहिला. महागाई वाढली, भाडे गोठलेलेच राहिले. जुन्या भाडेकरूला त्याचा लाभ झाला. नव्याने येणाऱ्याला मात्र दारे बंद होऊ लागली, कारण एकदा दिलेली जागा परत मिळणार नाही ही धास्ती मालकाच्या मनात बसली. १९ डिसेंबर १९९७ रोजी मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की भाडे असे गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे. महाराष्ट्राने त्यानंतर १९९९ चा नवा कायदा केला.

या कायद्यातील एका कलमाशी माझा लहानपणीच परिचय झाला. मालकाने भाडे घेताच लेखी पावती दिली पाहिजे, असे ते कलम सांगत होते. आमच्या मालकाने, त्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, पाच वर्षांत एकही पावती दिली नाही. वडील दर महिन्याच्या सात तारखेला पैसे मोजून देत आणि मालक ते वहीत टिपून घेत. वही त्यांच्याकडेच असे. वडिलांनी एकदा भीतभीत पावती मागितली, तेव्हा उत्तर मिळाले, "पावती हवी असेल तर जागा दुसरीकडे पाहा." ते गृहस्थ दुष्ट नव्हते. आई आजारी असताना त्यांच्याच घरून आम्हांला दोन वेळा जेवण आले होते. पण पावती म्हणजे भाडेकरूचा हक्क, आणि हक्क म्हणजे आपली जागा कायमची अडकणे, हे गणित त्यांनी पक्के केले होते. १९६६ च्या श्रावणात त्यांनी जागा मागितली आणि आम्ही ती आठ दिवसांत सोडली. भांडण झाले नाही. भांडायला हाती कागदच नव्हता.

कायदा भाडेकरूच्या बाजूने होता. परंतु ज्याच्याजवळ पावती नाही, तो कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू आहे हे सिद्ध करावयाचे कसे? एकाच शहरात दोन प्रकारचे भाडेकरू निर्माण झाले. परकोटाच्या आतल्या जुन्या घरात नाममात्र भाड्याने पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एक. आणि रेल्वेच्या पलीकडे, मजुरीचा मोठा वाटा भाड्यात घालूनही पुढच्या महिन्याची खात्री नसणारा दुसरा. पुढे अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा रूढ झाली. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि ती नोंद टाळण्यासाठी हा एक महिना कमी केलेला असतो.

देशभराचा कल पाहिला तर १९६१ मध्ये शहरांतील सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. त्याच २०११ साली देशाच्या शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती. एकीकडे कुलूप लावलेली घरे आणि दुसरीकडे घर शोधत फिरणारी माणसे, असा हा विपरीत योग आहे.

५. स्वस्त जागा कोठे असते

सुरतेत खोली स्वस्त कोठे मिळते, याचे उत्तर भूगोलात आहे. पाणी जेथे आधी शिरते आणि उशिरा ओसरते, तेथे ती स्वस्त मिळते. लिंबायतमधून जाणाऱ्या मिठी खाडीच्या काठी राहिलेल्यांना हे सांगावयास नको. तळमजल्याचे भाडे कमी का, याचे उत्तर पावसाळा देतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग बुडाला. तेव्हा मालकाचे घर बुडाले आणि भाडेकरूचा संसार वाहून गेला. घराची नोंद होती, संसाराची नव्हती.

सप्टेंबर १९९४ चा प्लेग तर आपणांपैकी अनेकांनी अनुभवला आहे. त्या वर्षीच्या पुरानंतर वेड रोड परिसरातून रोगाची वार्ता आली आणि काही दिवसांतच लाखो लोकांनी शहर सोडले. रुग्णांत दाटीवाटीच्या खोल्यांतून राहणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा भरणा मोठा होता. घनश्याम शहा यांनी १९९७ मध्ये या प्लेगवर ग्रंथ लिहिला; नगराचे सार्वजनिक आरोग्य आणि नगराची वाढ यांचा संबंध त्यात त्यांनी मांडला. पुढे आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत, १९९५ पासून, या शहराची जी स्वच्छता झाली ती देशाने वाखाणली, आणि ते योग्यच होते. गटारे बांधली गेली, कचरा उचलला गेला. पण एका खोलीत आठ माणसे का राहतात, हा प्रश्न झाडूने सुटणारा नव्हता.

६. मालकीचे स्वप्न, भाड्याचे वास्तव

स्वातंत्र्यानंतरच्या गृहयोजनांचा रोख प्रामुख्याने मालकीच्या घराकडे राहिला. २००५ नंतरच्या नागरी नूतनीकरण योजनेतून सुरतेत हजारो सदनिका उभ्या राहिल्या. कोसाडची वसाहत त्यांतलीच. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या कुटुंबांचा आनंद मी पाहिला आहे. तथापि जो अद्याप झोपडीचाही मालक नाही, जो काल गाडीतून उतरला, तो या योजनांच्या यादीत कोठून येणार? शिवाय शहराच्या उत्तर टोकाचे घर उधन्याच्या मागावर बारा तास उभे राहणाऱ्याला परवडतेच असे नाही. जाण्या-येण्यातच त्याचे भाडे खर्ची पडते.

आपल्यापेक्षाही कठीण स्थिती ओडिशातून, विशेषतः गंजाम जिल्ह्यातून, आलेल्या माग कामगारांची आहे. ते एकेकटे येतात आणि 'मेस' म्हणविल्या जाणाऱ्या मोठ्या खोल्यांतून राहतात. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा माणूस निजतो. तेथे खोली नव्हे, तर बारा तासांची झोप भाड्याने मिळते. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने मजुरांकडून एक महिन्याचे भाडे मागू नये असा आदेश काढला. तरी एप्रिलमध्ये हेच कामगार गावी जाऊ द्या म्हणून सुरतेच्या रस्त्यावर उतरले. बिऱ्हाड आणि घर यांतील अंतर त्या दिवसांत साऱ्या देशाला दिसले.

त्यानंतर जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना केंद्राने मंजूर केली. रिकाम्या सरकारी सदनिका स्थलांतरितांना भाड्याने द्याव्यात, ही कल्पना स्वागतार्ह होती. सुरतेत तिच्याखाली ३९३ घरे आली. चव्वेचाळीस लाखांच्या शहरात ३९३! जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मान्य झाला. त्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे आणि लेखी करार आवश्यक मानला आहे. तो स्वीकारणे मात्र राज्यांच्या इच्छेवर आहे.

७. जनरल रजिस्टरातील एक रकाना

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी शाळेची जुनी जनरल रजिस्टरे चाळली. इतिहासाच्या अभ्यासकाला बखरीपेक्षा अशी कागदपत्रे अधिक विश्वसनीय वाटतात. प्रवेशाच्या वेळी पालकाचा पत्ता लिहावा लागे, आणि पुरावा म्हणून भाडेपावती दाखवावी, असा त्या काळी आग्रह धरला जाई. पावती नसलेल्या मुलांना गुरुजींनी परत पाठविले नाही. पत्त्याच्या रकान्यात पानामागून पान एकच मजकूर आढळतो: 'द्वारा मुख्याध्यापक', आणि पुढे त्यांच्या स्वतःच्या खोलीचा पत्ता. ती खोलीही भाड्याचीच होती. माझ्या नावापुढेही तोच पत्ता आहे, हे मला साठ वर्षांनी कळले.

दुसरा रकाना 'शाळा सोडण्याचे कारण' हा. तेथे 'स्थलांतर' किंवा 'वडिलांची बदली' असे लिहिण्याची पद्धत असते. मागावर काम करणाऱ्याची कसली बदली? गुरुजींच्या अक्षरात तेथे अनेक ठिकाणी दोनच शब्द आहेत: 'जागा गेली'. सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी. वर्षाच्या मध्येच मुले गेली आहेत. काहींची नावे दोन वर्षांनी पुन्हा, खालच्या इयत्तेत, दाखल झाली आहेत. बरीचशी परतलेली नाहीत. सुरतेच्या भाडेकरूंचा इतिहास मला इतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही दप्तरात वाचावयास मिळाला नाही. आज भाडेकरूची नोंद होते ती पोलीस ठाण्याच्या अर्जात. तेथे तो संशयास्पद इसम होऊ नये म्हणून नोंदला जातो. गुरुजींच्या रजिस्टरात तो एका विद्यार्थ्याचा बाप म्हणून नोंदलेला आहे.

'परवडणारे घर' याची व्याख्या करताना तज्ज्ञ भाड्याचे उत्पन्नाशी प्रमाण काढतात. ते योग्यच आहे. पण अपुरे आहे. या रजिस्टरांनी मला एक दुसरे माप दिले. चौथीत आलेले मूल त्याच पत्त्यावरून दहावीची परीक्षा देऊ शकले, तर ते घर परवडणारे. एरवी भाडे कितीही कमी असो, ते घर महागच. सात वर्षांची खात्री, हातात पावती, आणि भाडेवाढीचा आधी ठरलेला दर. मालकालाही न्याय मिळावा आणि भाडेकरूलाही, असा हा साधा व्यवहार आहे. बादशहा आणि ओव्हिंग्टनची कंपनी यांच्यात तो होऊ शकला. घरमालक आणि विणकर यांच्यात तो होऊ नये, असे काही नाही.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून थांबतो. आपणांपैकी बहुतेकांचे बालपण बिऱ्हाडात गेले. आज आपणांपैकी अनेकजण स्वतः घरमालक आहेत. वरचा मजला, मागची खोली भाड्याने देत आहेत. येत्या महिन्याच्या सात तारखेला भाडे घ्याल तेव्हा पावती द्या. आणि त्या घरातील मूल शाळेत जात असेल, तर जागा मागण्यापूर्वी एप्रिलपर्यंत थांबा. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.